खो-खो सोडून रग्बी सेव्हन्स? मॅडिसन लेव्हीची पहिली वर्षं कुणी नीट सांगेल का?

साताऱ्याचा बाप

मंडळी नमस्कार,

क्रिकेट आणि कबड्डीवर इथे रोज हाणामारी चालते, रग्बीवर मात्र एकही धागा सापडला नाही, म्हणून नवा काढतोय.

थोरली लेक अकरावीला आहे. प्राथमिक शाळेपासून खो-खो खेळते. मैदान घरामागेच, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मुक्काम तिथेच. जिल्ह्याच्या संघात कायम असते, पण राज्याच्या निवडीत राखीवच्या पुढे नाव सरकत नाही. मागच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या सरांनी रग्बी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीचं, शिबिर घेतलं. ही मैत्रिणीच्या नादाने गेली. मैत्रीण लगेच घरी बसली, ही अजून तिथेच आहे. आता पुण्याला राज्याची निवड चाचणी आहे, तिकडे जायचं म्हणते.

दाराच्या मागे ऑस्ट्रेलियाच्या मॅडिसन लेव्हीचं चित्र लावलंय. पॅरिस ऑलिम्पिकच्या एकाच स्पर्धेत तिने १४ ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं) हे मला आता तोंडपाठ आहे, कारण जेवताना रोज ऐकवलं जातं. मीही तिचे व्हिडिओ पाहिले. सगळे एकाच धाटणीचे: चेंडू मिळाला, कडेने सुटली, मागच्या दोघी मागेच राहिल्या, संपलं. पण तिथवर ती पोचली कशी, ते कुठे मिळत नाही. वाचायला जावं तर 'आधी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायची, मग रग्बीत आली' एवढ्यावर सगळे उरकतात. माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

पहिला खेळ सोडला तेव्हा वय काय होतं? हातात काय होतं? नवीन खेळात पहिली दोन-तीन वर्षं काय केलं? आणि मुख्य म्हणजे जुन्या खेळातलं काही उपयोगी पडलं, की सगळं पाण्यात?

घरातली स्थिती अशी: मुलीची आई तटस्थ, मी अर्धा तयार, आणि माझी आई म्हणते की पोरीचे पुढचे दात पडले तर मी कुणाला तोंड दाखवू. (दात पोरीचे, तोंड हिचं. असो.)

जाणकारांनी मनावर घ्यावं.

---

नाना फडातले

अहो साहेब, घरची म्हैस विकून शेजारणीच्या गायीचं दूध मोजायला कशाला निघालात?

खो-खोला आज बरे दिवस आलेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. खो-खोत आपण जगात पहिले आहोत. रग्बीत आशियात तरी कितवे आहोत ते आधी बघा. पोरगी जिल्ह्याला खेळते म्हणजे खेळ अंगात मुरलाय. आणखी दोन वर्षं रेटा, राज्याला लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या मुलीला पगार मिळतो हो. आपल्या मुलीला मिळेल सतरंजी आणि वडापाव.

---

कॅराराची सांगलीकर

दादा, या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला पाहिजे, कारण मी गोल्ड कोस्टला राहते. कॅराराचं मोठं स्टेडियम घरापासून गाडीने चहा थंड व्हायच्या आत. नोकरी वृद्धाश्रमात नर्सची. मुलगा ज्युनिअर रग्बी खेळतो आणि त्याच्या संघाची मॅनेजर मी. मॅनेजर म्हणजे बाटल्या भरायच्या, माउथगार्ड विसरलेल्या पोरांवर ओरडायचं आणि पंचाशी भांडणाऱ्या बापांना बाजूला घ्यायचं. लेव्हीशी माझी ओळखपाळख नाही. प्रेक्षकांत बसून जे पाहिलं आणि इथे राहून जे कळलं ते सांगते.

मॅडिसनचा जन्म एप्रिल २००२ चा. २०२० साली गोल्ड कोस्ट सन्स या क्लबचा बायकांचा संघ ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, तेव्हा ती त्या संघात होती. वय सतरा. म्हणजे तुमच्या लेकीएवढीच. हा खेळ आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून सांगते: मैदान लंबगोल, चेंडू रग्बीसारखाच लांबट, आणि लाथेने मारलेला चेंडू हवेत झेलला की खेळ थांबतो, तुम्हाला शांतपणे पुढची किक मारायला मिळते. त्यामुळे इथली पोरं लहानपणापासून एकच करतात, उडी मारून डोक्याच्या वर चेंडू पकडायचा. दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर जातात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

तर सोडताना हातात काय होतं? राष्ट्रीय लीगमधली जागा होती. घराजवळचा क्लब, शेजारपाजार ओळखीचा. पण ती लीग त्या वेळी बायकांसाठी अर्धवेळाची होती. हंगाम संपला की ज्याने त्याने आपली नोकरी किंवा शिक्षण बघायचं. सेव्हन्सच्या राष्ट्रीय संघात करार मिळाला की खेळाडू वर्षभर खेळाडूच असते, आणि वर ऑलिम्पिक. मात्र त्यासाठी सिडनीला जावं लागतं, कारण सगळा संघ तिथे एकत्र सराव करतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावरचं घर सोडून परक्या शहरात, आणि जो खेळ येतो तो सोडून जो अर्धवट येतो त्याच्यामागे. नाना म्हणतात ती म्हैस तिनेही विकलीच होती.

आता जुनं पाण्यात गेलं का, हे बघा. सगळे तिच्या वेगाचं कौतुक करतात. वेग आहेच. पण वेगवान मुली या खेळात पैशाला पासरी आहेत. माझ्या मते तिचं खरं भांडवल म्हणजे किकऑफ.

सेव्हन्समध्ये ज्या संघाने गुण केले त्यानेच पुन्हा किक मारून खेळ सुरू करायचा असतो. पंधरा जणांच्या रग्बीत उलटं, तिथे मार खाल्लेला संघ किक मारतो. सेव्हन्सचा अख्खा सामना सात-सात मिनिटांचा. मग विचार करा: तुम्ही ट्राय केला, तुम्हीच किक मारली, आणि ती किक तुम्हीच झेलली तर समोरच्यांना चेंडूला हात लावायलाच मिळत नाही. आणखी एक ट्राय. पुन्हा किक. असे दोन-तीन मिनिटं गेले की सामना संपल्यात जमा.

पुढचा सामना लावाल तेव्हा ट्राय सोडून किकऑफ बघा. किक उंच जाते, दहा मीटरच्या रेषेपलीकडे पडायलाच हवी, आणि वर तीनेक सेकंद रेंगाळते. समोरची मुलगी चेंडूखाली जाऊन उभी राहते, हात पोटाशी, खाली आला की घेईन म्हणून. लेव्ही उभी राहत नाही. ती पळत येते, एका पायावर उडते, दुसरा गुडघा पुढे, हात डोक्याच्या वर ताणलेले, आणि चेंडू बोटांतच अडकतो. छातीपर्यंत येऊच देत नाही. वर जाता जाता अंग वळवते, म्हणजे खाली येताना पाठ समोरच्यांकडे आणि चेंडू आपल्या पोरींच्या बाजूला. यात कायद्याचीही गंमत आहे. हवेतल्या खेळाडूला धरलं किंवा ढकललं तर पंच शिक्षा देतो, पिवळं कार्ड निघालं तर दोन मिनिटं सहाजणींनी खेळायचं. त्यामुळे तिचे पाय टेकेपर्यंत समोरची नुसती बघत राहते, आणि पाय टेकले की उशीर झालेला असतो. ही सगळी ऑस्ट्रेलियन फुटबॉलची शिकवण. रग्बीतच वाढलेल्या मुलीला ती इतक्या सहज येत नाही.

आमच्या पोरांच्या संघात एकजण आहे, रविवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतो. डाव्या हाताने पास द्यायला सांगितलं तर चेंडू कुंपणाबाहेर. पण किकऑफला कोच पहिल्यांदा त्यालाच हाक मारतो.

पहिल्या वर्षांचं विचाराल तर ती काही गुलाबाच्या पायघड्यांवरून चालत गेली नाही. कोव्हिडमुळे २०२०-२१ ची जागतिक मालिकाच झाली नाही. म्हणजे मोठ्या स्पर्धांत धडपडून शिकायची सोयच नव्हती, आणि एकदम टोकियो ऑलिम्पिक. वय १९. ऑस्ट्रेलिया म्हणजे रिओची सुवर्णविजेती, लोकांना वाटलं पदक कुठे जातंय. उपउपांत्य फेरीत फिजीने १४-१२ ने बाहेर काढलं. त्यात एकट्या नव्या पोरीचा दोष नाही, पण विचार करा, दीडेक वर्षापूर्वी घराजवळ आरामात खेळत होती.

मग २०२२. एका वर्षात जागतिक मालिका, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं सुवर्ण (अंतिम सामन्यात त्याच फिजीला २२-१२) आणि सप्टेंबरात केपटाऊनला विश्वचषक. तिथे न्यूझीलंडला २४-२२ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात हिचे तीन ट्राय. वीस वर्षांची होती. पुढच्या २०२२-२३ च्या हंगामात ५७ ट्राय. बायकांचा एका हंगामाचा आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमनच्या नावावर होता, ५२ चा. त्याच्या पुढच्या हंगामात लेव्हीने स्वतःचाच विक्रम मोडला, ६९.

आणि त्या चित्रातले १४. लेकीला एक विचारा, त्या १४ ट्रायनंतर पदक कोणतं मिळालं? एकही नाही. उपांत्य सामना कॅनडाशी हरल्या. कांस्यपदकाच्या सामन्यात शेवटच्या क्षणापर्यंत अमेरिकेच्या पुढे होत्या, आणि अमेरिकेची अ‍ॅलेक्स सेड्रिक आपल्या ट्रायलाइनजवळून सुटली ती थेट पलीकडे. ट्रायनंतरची जादा गुणांची किकही तिनेच घातली. १४-१२. माझा मुलगा टीव्हीसमोर उशी फेकून झोपायला गेला. त्या वर्षी जगातली सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू म्हणून निवड मात्र लेव्हीचीच झाली. धाकटी बहीण टीगनही त्याच संघात होती. एका घरातल्या दोघी, एकाच दिवशी चौथ्या.

खो-खोबद्दल उद्या लिहिते, ड्यूटीची वेळ झाली.

---

नाना फडातले

माहिती उत्तम, ताई. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. तिला आधी लीग, मग करार, मग सिडनी. साताऱ्याहून निघालं की पुढचा थांबा कोणता?

---

पर्वतीची प्रॉप

नाना, पुढचा थांबा बालेवाडी. त्याच्या पुढचा बहुतेक भुवनेश्वर.

मी महाराष्ट्राकडून सेव्हन्स खेळलेय, आता फक्त रविवारी मुलींना शिकवते. सांगलीकर ताईंनी लेव्हीचं सगळं बरोबर सांगितलंय. पण साताऱ्याच्या मुलीला आपल्याकडच्या दोन-तीन मुलींची सुरुवातही ठाऊक असावी.

भारतात मुलींचं आंतरराष्ट्रीय रग्बी साधारण २००९ पासूनचं. आमच्या पुण्याची वाहबीज भरुचा त्या सुरुवातीच्या काळापासूनची, पुढे देशाची कप्तान झाली, आणि शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. २०१८ मध्ये आपल्या मुलींनी पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना सिंगापूरशी खेळला. पुढच्या वर्षी मनिलात त्याच सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, तो पहिला विजय. त्या संघातली स्वीटी कुमारी बिहारच्या बाढजवळची, मूळची धावपटू. २०१९ मध्येच एका परदेशी महिला रग्बी संकेतस्थळाने तिला जगातली वर्षाची उदयोन्मुख आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून निवडलं. तीसुद्धा आधी दुसऱ्याच खेळातली होती. ओडिशाच्या मुली आपल्यापेक्षा पुढे आहेत, कारण भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या मोठ्या निवासी संस्थेत शाळा, जेवण आणि मैदान एकाच आवारात आहे. तिथल्या मुलांच्या संघाने २००७ मध्ये लंडनला १४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेचं जगज्जेतेपद आणलं, तेव्हापासून तिथे रग्बी रुजलं. आपल्या पोरी क्लास, कॉलेज आणि पीएमटी सांभाळून सरावाला येतात, मग फरक पडणारच.

आत्ताचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत भारतीय मुलींना रौप्य. ऑगस्ट २०२५ मध्ये राजगीरला २० वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. ही दुसरी स्पर्धा नीट लक्षात ठेवा, कारण तुमच्या लेकीचा वयोगट तोच. जपान, चीन, हाँगकाँग अजून लांब आहेत, हे झाकण्यात अर्थ नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला फ्रँचायझी लीग झाली, पण ती पुरुषांची.

सतरंजीबद्दल नाना खोटं बोलत नाहीत. एका स्पर्धेला आमची सोय मंगल कार्यालयात होती, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता पायाला टोचत होत्या. त्याच स्पर्धेत आमच्या एकीचा खांदा निखळला. फिजिओ नाही, रुग्णवाहिका नाही. मी आणि मॅनेजरबाई तिला रिक्षात घालून घेऊन गेलो, ती रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत होती. हे सांगते ते घाबरवायला नाही. चाचणीला गेलात की आयोजकांना दोनच गोष्टी विचारा: मैदानावर वैद्यकीय माणूस कोण, आणि खेळाडूंचा विमा आहे का. उत्तर देताना समोरचा माणूस मोबाइल बघायला लागला तर काय समजायचं ते समजा.

---

साताऱ्याचा बाप

सगळ्यांचे आभार. सांगलीकर ताई, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. पदक नाही मिळालं हे तिला माहीत होतं, मलाच सांगितलं नव्हतं. आता काल संध्याकाळपासून गच्चीवर माझ्याकडून चेंडू उंच फेकून घेतेय. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण एकदा गेलं.

दोन शंका.

एक, टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडताना, ती डोकं खाली घालून डोळे मिटते. सरांचं म्हणणं, सवयीने जाईल. जाईल का?

दोन, खो-खो या वर्षी पूर्ण बंद करायचा का? चाचणी आणि खो-खोची जिल्हा स्पर्धा जवळजवळच येतायत. आणि आजीच्या दातांच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही.

---

कॅराराची सांगलीकर

आजीपासून सुरुवात करते, मान मोठ्यांचा. माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा स्वस्तातला मिळतो, तो काहीच नसण्यापेक्षा बरा. दातांच्या डॉक्टरकडून मापाचा करून घेतलात तर सर्वांत चांगलं, कारण तो हलत नाही आणि तोंडात असताना बोलता येतं. सेव्हन्समध्ये सारखं ओरडून सांगावं लागतं, ढिल्या माउथगार्डच्या मुली गप्प राहतात. रग्बीत दातांपेक्षा खांदा आणि गुडघा जास्त जातात, पण हे आजींना सांगू नका.

टॅकलचं सवयीने जाणार नाही. सवयीने ते पक्कं होईल. डोळे मिटून डोकं खाली म्हणजे मान आणि डोकं दोन्ही धोक्यात. मी नर्स आहे, याबाबतीत माझं ऐका. सरांना सांगा की पळत्या मुलीवर टॅकल सध्या बंद. दोघींनी गुडघ्यावर बसून सुरू करायचं. समोरचीच्या चड्डीच्या नाडीकडे नजर, हनुवटी वर, गाल तिच्या कंबरेच्या मागच्या बाजूला टेकेल असं डोकं, मग दंड गुंडाळायचे. डोकं कधीही तिच्या पुढ्यात नाही. गुडघ्यावर नीट जमलं की उभं राहून चालत, मग सावकाश पळत. आमच्याकडे नवीन मुलांना असंच चढवतात. आणि डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग अंतिम सामना असो की काही. सर म्हणाले 'पाणी मार, ठीक होईल', तर तुम्ही आत जाऊन तिला बाहेर आणा.

आता खो-खो. मी सांगलीची, शाळेत खेळलेय, त्यामुळे अंदाजाने बोलत नाही. तीन गोष्टी लेकीच्या अंगात आहेत ज्या इथल्या पोरांना शिकवताना कोच रडकुंडीला येतो. एक, हुलकावणी. एकेरी साखळीत पळताना ती जशी खांदा एकीकडे टाकून पाय दुसरीकडे नेते, तेच सेव्हन्सच्या मोकळ्या मैदानात हवं असतं. दोन, सूर. खो-खोत खांबाजवळ सूर मारून टिपायची सवय असेल तर सुटलेल्या मुलीचा पाय मागून पकडायला ती कचरणार नाही. तीन, बसल्या जागेवरून एका झटक्यात उठून पूर्ण वेग. जमिनीवर पडून उठणं हा सेव्हन्सचा अर्धा खेळ आहे.

पण जे नाही तेही बघा. खो-खोत दुसऱ्याचं अंग आपल्यावर आदळत नाही. हातात वस्तू नसते, त्यामुळे पळताना दोन्ही हात मोकळे सोडायची सवय असते, आणि चेंडू घेऊन तसं पळालं की पहिल्या धक्क्याला चेंडू खाली. शिवाय पाठलाग करताना दिशा बदलायची नाही हा नियम हाडात भिनलेला असतो, तो रग्बीत मोडावा लागतो. समोरची आत वळली की हिनेही वळायचं. यावर वेळ जाईल. आणि डाव्या हाताचा पास. सगळ्यांचा गाडा तिथेच रुततो.

बंद करायचा का, यावर माझं स्पष्ट मत: नको. लेव्हीने सोडला तेव्हा समोर पूर्णवेळ करार होता. तुमच्या लेकीसमोर आज फक्त चाचणी आहे. जिल्हा स्पर्धा खेळू दे, तीही मनापासून. वुडमन नेटबॉलच्या वरच्या पातळीवरून आली, रिओच्या ऑस्ट्रेलियन संघातली शार्लट कॅस्लिक टच फुटबॉलमधून (रग्बीसारखंच, पण पाडायचं नाही, नुसता हात लावायचा), अमेरिकेचा कार्लिन आयल्स तर शंभर मीटर १०.१३ सेकंदात पळणारा. या लोकांनी जुना खेळ नीट खेळला होता म्हणून नव्याने त्यांना दारात उभं केलं. आयल्सचं तर उलटंही बघण्यासारखं आहे. इतका वेग असूनही कुठे पळायचं हे शिकायला त्याला वर्षं लागली.

---

पर्वतीची प्रॉप

ताईंशी सहमत, फक्त एक दुरुस्ती पुण्याच्या बाजूने. जिल्हा स्पर्धा आणि चाचणी यांच्यात चार-पाच दिवस तरी असू द्या. खो-खोच्या मैदानावर मांडीचे स्नायू आखडले असताना मुली चाचणीला येतात, पहिल्याच धावेत हॅमस्ट्रिंग धरून बसतात, आणि निवड करणाऱ्यांना त्यांचा खेळ बघायलाच मिळत नाही.

बूट स्टडचे आणा, खो-खो अनवाणी खेळत असेल तर बूट आधी महिनाभर घालून पळू द्या, नाहीतर टाचा सोलतात. आधार कार्ड, जन्मदाखला आणि कॉलेजचं पत्र, तिन्हींच्या झेरॉक्सचे दोन-दोन संच. आणि किकऑफला कोण जाईल असं विचारलं की तिने हात वर करायचा. तिथे सगळ्याजणी विंगला, म्हणजे कडेला, उभं राहायला भांडतात, उंच चेंडूखाली जायला कुणी तयार नसतं.

---

नाना फडातले

ठीक आहे, जिल्हा स्पर्धा खेळवताय ना, मग माझं काही म्हणणं नाही. तारीख कळवा. सातारला माझी मेव्हणी असते, बघायला येतो.

---

साताऱ्याचा बाप

नाना, जरूर या. तारीख ठरली की इथेच टाकतो. बूट आजच आणायला निघालोय, माउथगार्डसाठी दातांच्या डॉक्टरची शनिवारची वेळ घेतली आहे. आई म्हणाली, मीही येते, माझी कवळी हलतेय.